सहाव्या पडद्यातला सा

आवाज गेला तो बसमध्ये. म्हणजे जायला आधीच लागला असेल, राधाताईंना कळलं बसमध्ये. मार्केट यार्डातून देवळासाठी शेवंती घेऊन त्या कात्रजच्या पीएमटीत बसल्या होत्या. पिशवी मांडीवर, पिशवीची ओल साडीतून गुडघ्याला लागत होती. धनकवडीचा थांबा दिसला तशा त्या उभ्या राहिल्या आणि ‘थांबवा’ म्हणाल्या. म्हणाल्या असं त्यांना वाटलं. ओठ हलले, पोटातून वारा वर आला, गळ्याशी येऊन पसरला आणि नुसताच बाहेर गेला. पुन्हा म्हणून पाहिलं. पुन्हा वाराच. थांबा गेला, पुढचाही गेला, आणि दांडा धरून उभ्या असलेल्या राधाताईंना कुणी तरी आपल्या अंगावरचा दागिना काढून घ्यावा आणि आपल्याला आत्ता हात लागल्यावर कळावं तसं झालं. शेवटी कात्रज डेअरीपाशी बस रिकामी झाली तेव्हा कंडक्टर म्हणाला, “आजी, उतरायचं होतं तर बोलायचं. आम्हाला मनातलं ऐकू येत नाही.” मागून कुणी तरी हसलं. त्याच्यावर रागवायलाही आवाज लागतो. राधाताई उतरल्या, पिशवी सावरत उन्हातून उलट चालत आल्या, आणि सगळ्या रस्ताभर त्यांच्या डोक्यात एकच होतं: ज्या गळ्यानं माइक नसताना देवळाच्या बाहेर चपलांपाशी उभ्या असलेल्या माणसाला कथा ऐकवली, त्या गळ्याला एक बस थांबवता आली नाही.

डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि गाठबीठ काही नाही म्हणाले, सूज आहे, ताणून ताणून आलेली. होळीपर्यंत मौन. कुजबुजही नको, कुजबुज जास्त वाईट. “आणि नंतर?” हे सुनेनं, ऋतिकानं विचारलं, कारण राधाताई मौन लगेच पाळायला लागल्या होत्या. नंतर बोलता येईल, डॉक्टर म्हणाले, गाण्याचं बघू. वरच्या पट्टीचं वचन देत नाही. राधाताईंनी ते ऐकलं आणि मनातल्या मनात चैत्र मोजला. होळीनंतर रामनवमी. रामनवमीचं जन्माचं कीर्तन आधी त्यांचे वडील, अप्पा, करत, अप्पांनंतर त्या. दुपारी बाराला जन्म, जन्मानंतर पाळणा, आणि पाळण्याच्या अंतऱ्याला आवाज तारसप्तकात जाऊन उभा राहिला पाहिजे, तिथं ध्वज लावतात तसा. बाकीचं वर्ष कुणीही करो, पण ती दुपार आपली नसेल तर आपण नेमक्या कोण, हे त्यांना सांगता येईना. देवळाचे विश्वस्त हिंदुराव दुसऱ्याच दिवशी घरी आले. त्यांची शेती गेली, तिथं आता इमारती उभ्या होत्या आणि इमारतींना त्यांच्या आईचं नाव होतं. हात जोडून बसले, मोठ्यानं बोलायला लागले, मौन धरलेल्या माणसाला ऐकूही कमी येतं अशी समजूत असावी. “ताई, तुमी आराम करा. नगरचं एक बुवा हायेत, शब्द टाकून ठिवू का? न्हाई म्हंजे तुमी हाईतच की. पर टायमाला घोटाळा नको, देवाचा जन्म हाय.” राधाताईंनी दोन टाळ्या वाजवल्या. घरात ठरलं होतं, एक टाळी म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. हिंदुरावांना वाटलं, ताई खूश झाल्या. “बरं झालं बगा,” म्हणाले आणि उठले. ऋतिकानं त्यांना जिन्यात गाठून समजावलं, तेव्हा ते ‘होळीपत्तुर थांबतो’ म्हणाले.

मौनात पहिल्यांदा कळलं की घर किती बोलतं. फ्रीज बोलतो, खालच्या बोअरची मोटर बोलते, शेजारी कुणी इंटरनेट लावलं की टेलिफोनच्या वायरीतून ते चिरकं रडणं येतं. मुलगा, शुभंकर, कंपनीनं अमेरिकेला पाठवलेला. रविवारी त्याचा फोन यायचा आणि राधाताई रिसीव्हरमध्ये एक टाळी वाजवायच्या. देवापाशी बसल्या की ओठ आपोआप हलायला लागत, ते दातांत धरावे लागत. आणि सगळ्यात छळायचा तो सा. मनातल्या मनात गायचं म्हटलं तरी आधी सा लावावा लागतो, आणि सा लावला की गळ्याच्या आत काही तरी हळूच आवळतं. परकर-पोलक्यात असताना अप्पांनी त्यांना पेटीसमोर बसवलं होतं. एकेक पट्टी दाबायचे, ‘आ’ म्हणायला लावायचे, मान हलवायचे, पुढची. पाचव्या काळ्या पट्टीला, काळी पाचला, थांबले. सहाणेवरचं गंध बोटावर घेऊन त्या पट्टीवर टेकवलं आणि म्हणाले, “हा तुझा सा. हा सोडायचा नाही.” दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर ती गाण्यातली सूचना झाली असती. अप्पांनी म्हटलं म्हणून तो नेम झाला. लग्नात नाव बदललं, गोत्र बदललं, धनकवडीच्या आधीची दोन बिऱ्हाडं बदलली. काळी पाच बदलली नाही. इतर बायका वय झालं की पट्टी उतरवतात, राधाताईंनी ते पाहिलं होतं आणि मनात, देव क्षमा करो, जरा नाकही मुरडलं होतं. पट्टीची देखभाल मात्र त्यांनी कधी स्वतः केली नाही. ती बद्रीनाथांची, बद्रीकाकांची. ते अप्पांच्या वेळेपासून पेटीला. मागे बसून सूर धरायचे, घरची सूरपेटीही तेच लावून द्यायचे, सूर हलू नये म्हणून झाकणाला चिकटपट्टी मारून जायचे. सूर त्यांनी सांभाळायचा, कथा राधाताईंनी.

ऋतिका अकोल्याची. खराडीच्या कंपनीत कामाला, सकाळी कंपनीची बस, संध्याकाळी कंपनीची बस, आल्यावर पाय धुऊन गिटार. ती कुणाकडे शिकत नव्हती. बोटं कुठं ठेवायची त्याचे कागद ऑफिसातून छापून आणायची. आडव्या सहा रेघा, उभ्या रेघा, त्यांवर काळे ठिपके. ते कागद तिनं फ्रीजवर, आरशावर, मिक्सरच्या वरच्या कपाटावर चिकटवले होते. राधाताईंना सुरुवातीला तो रांगोळीचा प्रकार वाटला होता. एका संध्याकाळी त्या खिडकीशी बसून चिपळ्या नुसत्याच उघडमीट करत होत्या, आवाज न करता, तेव्हा ऋतिका म्हणाली, “काय करून राहिल्या आई? या इकडे. तोंड बंद आहे, हात नाही.” आणि गिटार त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी ती तंबोऱ्यासारखी उभी धरली. ऋतिकानं आडवी केली. त्यांनी पुन्हा उभी केली. “आई, मी शिकवून राहिली ना?” एक टाळी.

बोटांची टोकं पहिल्यांदा इतकी दुखली की रात्री पोळी कालवणात बुडवताना झोंबलं. तारा पोलादी, त्यांचे वळ बोटांवर उठायचे, आणि ते वळ अंगठ्यानं चाचपत बसायला त्यांना आवडायला लागलं. दिवसभरात काही तरी घडलं याची तेवढीच खूण. ऋतिकानं एक आकार दिला, तीन बोटांचा, खिडकीच्या गजांत मांजर पाय अडकवतं तसा. “हा ई.” तो बसायला आठवडा गेला. मग म्हणाली, “आता गंमत. पहिलं बोट मोकळं करा, बाकीच्या तिघांनी तोच आकार धरा, आणि हा अख्खा आकार पुढे सरकवा. पहिलं बोट मागे आडवं टाका, सगळ्या तारा दाबून.” तारा जिथून सुरू होतात तिथं हाडाची एक पट्टी असते, गिटारीचा उंबरठा, आडवं बोट म्हणजे तो उंबरठाच उचलून पुढे नेणं. “पहिल्या फ्रेटला, म्हणजे पडद्याला, एफ. तिसऱ्याला जी. पाचव्याला ए. आकार तोच. जागा वेगळी.” राधाताईंना हे पटेना. पेटीवर असं नसतं. पेटीवर सा हलला की पांढऱ्या-काळ्यांचा सगळा संसार उलटापालटा होतो, बोटांना नवं घर मांडावं लागतं. म्हणून तर एकेक पेटीवाला एक-दोन पट्ट्यांतच आयुष्य काढतो. इथं मात्र हात जसाच्या तसा चालत पुढे गेला, पालखी उचलल्यासारखा, आतलं काही सांडलं नाही. त्यांनी पुढे नेला, मागे आणला, पुन्हा नेला. ऋतिका स्वयंपाकघरातून ओरडली, “आई, शेजारच्यांना वाटेल कुणी कपाट सरकवून राहिलं.”

मग त्यांनी ऋतिकाला आपला सा शोधायला लावला. बोलता येत नव्हतं, पंचांगाच्या मागे पेटीच्या पट्ट्या काढून पाचव्या काळ्या पट्टीवर बोट ठेवलं. ऋतिकानं मोजलं. “ए शार्प. जाड तार, सहावा फ्रेट.” पाचव्या आणि सातव्या पडद्यावर शिंपल्याचे ठिपके होते, सहाव्यावर काहीच नव्हतं, राधाताईंना ते बरोबर वाटलं, तिथली खूण आपल्या बोटानं करायची. रोज पूजा झाली की त्या पहिल्यांदा तिथं बोट टेकवत. तिथून सारेगम चढून पाहत, ऋतिकाच्या कागदांवरच्या एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत, आणि एके दिवशी पाहतात तो तोच सा शेजारच्या तारेवर पहिल्याच पडद्यात उभा. तोच, वरचा नव्हे, खालचा नव्हे. पेटीवर एका सुराला एकच घर. इथं एकाच सुराला दोन दारं. त्या थोड्या गोंधळल्या, थोड्या नाराजही झाल्या. आणखी एक होतं. सहाव्या पडद्यातला तो सा कानाला किंचित टोचायचा, अंगातल्या सा-पेक्षा थोडा उंच उभा राहिल्यासारखा. पोलादी तारेचा स्वभाव असेल, असं त्यांनी मनाला सांगितलं.

होळीला थोडे दिवस असताना बद्रीकाका आले. लुनाच्या पायापाशी पेटी बांधलेली. “बोलू नका ताई. बोलायचं काम मी करतो, आज तुम्ही पेटीला,” असं म्हणून स्वतःच हसले. गुडघे मोडून राधाताईंच्या समोर बसले, पेटीची पाठ त्यांच्याकडे करून, आणि नेहमीचा सा धरला. कितीतरी दिवसांनी तो कानावर आला आणि राधाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. आपणही काही द्यावं म्हणून त्यांनी गिटार घेतली, जाड तार, सहावा पडदा, छेडली. सूर जुळला नाही. दोन्ही मिळून हवेत थरथर सुरू झाली, मधमाशी काचेवर आपटत राहते तशी. त्यांनी हात काढला, पुन्हा ठेवला. तीच थरथर. ऋतिकानं तारा जुळवायची तिची छोटी डबी आणली, एकेक तार छेडून दिवा पाहिला. प्रत्येक तारेला हिरवा. “गिटार बरोबर आहे, आई.” बद्रीकाकांचा भाता चालू होता पण ते आता पेटीकडे पाहत नव्हते, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होते. राधाताईंनी आकार धरला आणि एक पडदा मागे आल्या. पाचवा. नाही. आणखी एक मागे. चौथा. थरथर थांबली. डब्यावर झाकण बसावं तसे दोन सूर एकमेकांत बसले आणि खोलीत एकच सूर उरला. भाता थांबला. ऋतिका मोजत म्हणाली, “चौथा. जी शार्प. म्हणजे काळी चार ना, काका?”

“पोरी, चहा ठेव,” बद्रीकाका म्हणाले.

राधाताईंनी गिटारीवरून हात काढला नाही. त्या चौथ्या पडद्यावरून सहाव्यावर गेल्या, सहाव्यावरून चौथ्यावर आल्या, आणि बद्रीकाकांकडे पाहत राहिल्या. मौन नसतं तर काय बोलल्या असत्या कोण जाणे. होतं तेच बरं. बद्रीकाकांनी खिशातून सुपारी काढली, खाल्ली नाही. “नाना गेले ना, त्या वर्षीपासून,” ते म्हणाले. नाना म्हणजे राधाताईंचे यजमान. “पहिल्याच कीर्तनात पाहिलं मी. वर गेलात की मान ताठ व्हायची, इथं शीर उभी राहायची. मागे बसणाऱ्याला मानच दिसते ताई, चेहरा लोकांना. देवापुढे माणूस स्वतःला ओढत नेतंय हे मला बघवेना. पुढच्या वेळी एक पट्टी खाली धरला. तुम्ही मागे वळलातही नाही. त्याच्या पुढच्या वेळी आणखी एक. सूरपेटीही मीच फिरवली.” सुपारी पुन्हा खिशात ठेवत म्हणाले, “सांगितलं असतं तर गायला असतात का?” दोन टाळ्या वाजवायला हव्या होत्या. राधाताई बोटांवरचे वळ चाचपत राहिल्या. स्वयंपाकघरातून ऋतिकाचा आवाज आला, “काका, साखर किती? का तीही आम्हाला न सांगता कमी करता?” बद्रीकाका हसले आणि हसता हसता डोळे पुसू लागले.

ते गेल्यावर राधाताई देवापाशी जाऊन बसल्या. आधी राग आला, तो स्वच्छ होता: गाभाऱ्यातली मूर्ती कुणी बदलली आणि आपण इतकी वर्षं दुसरीच पुजली, असा. मग मन एकेक वर्ष मागे जायला लागलं. नाना गेल्यानंतरचं प्रल्हादाचं आख्यान, ज्याला देवळातला आचारी झारा हातात घेऊन दारात उभा राहिला आणि खालची खीर लागली. सुदाम्याच्या पोह्यांच्या वेळची ती शांतता, कीर्तन संपल्यावरही कुणी उठेना. आणि एका रामनवमीला पाळणा म्हणताना त्यांना क्षणभर खरंच वाटलं होतं की दोरी आपण ओढत नाही, आतून कुणी तरी ओढतंय. ते कुणाला त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. ते सगळं काळी चारचं. ज्याच्यासाठी गायचं त्यानं काळी चार घेतली होती, न कुरकुरता. नेम मोडला होता आणि काहीच मोडलं नव्हतं. त्यांना उत्सवमूर्ती आठवली. गाभाऱ्यातला देव हलत नाही, पण उत्सवाला तोच लहान होऊन पालखीत बसतो, गल्लीबोळांतून जातो, जो उंबरठ्यापर्यंत येऊ शकत नाही त्याच्या उंबरठ्यापर्यंत जातो. म्हणून तो निराळा देव होत नाही. हे त्यांनी स्वतः किती कीर्तनांत सांगितलं होतं. सांगताना लोकांना पटलं की नाही ते माहीत नाही, सांगणाऱ्या बाईला मात्र ते एका गिटारीनं पटवावं लागलं. अप्पांनी ‘सोडायचा नाही’ म्हटलं ते सुराला, पट्टीला नव्हे. किंवा पट्टीलाच म्हटलं असेल. अप्पा हट्टी होते. त्यांना हसू आलं, आणि बिनआवाजाचं हसताना गळ्याच्या आतलं ते आवळणं सुटलं. सुटल्यावर कळलं की ते बसच्या कितीतरी आधीपासून तिथं होतं.

होळी झाली. डॉक्टरांनी पुन्हा नळी घातली, सूज उतरली म्हणाले, बेतानं. घरी येऊन राधाताईंनी गिटार घेतली, चौथ्या पडद्यात सा धरला आणि ‘आ’ केला. आला, पण वरच्या टोकाला फाटला. पूर्वीच्या असत्या तर पुन्हा तिथंच डोकं आपटत बसल्या असत्या. त्यांनी आकार तसाच ठेवून हात एक पडदा मागे आणला. पुन्हा एक. दुसऱ्या पडद्यात आवाज असा बसला की त्यांनी डोळे मिटले. तारसप्तकाच्या सा-पर्यंत गेला, तिथं उभा राहिला, खाली आला, मान कुठंही ताठ झाली नाही. दारात ऋतिका ऑफिसची पिशवी खांद्यावर घेऊन उभी होती. “हा कोणता?” राधाताईंनी विचारलं. महिन्याभरातला तो त्यांचा तिच्याशी पहिला शब्द. ऋतिका पिशवी न काढता तिथंच बसली. “काळी तीन, आई,” म्हणाली, आणि मग, “तुमचा आवाज मी विसरून गेली होती.”

हिंदुरावांना फोन लावून त्यांनी सांगितलं की जन्माचं कीर्तन मी करणार, पण पट्टी उतरली आहे, लोकांना आधी कळलेलं बरं. “ताई, पट्टीचं आपल्याला काय कळतंय,” हिंदुराव म्हणाले, “नगरवाल्या बुवांना मी अजून इचारलंच न्हाई. तुमी उभ्या ऱ्हावा, बास.” अडले बद्रीकाका. काळी तीनला पाचही काळ्या पट्ट्या येतात, म्हणाले, बोटं ठेचकाळतात, या वयात नवी बाराखडी! “तर मग काळी चारला वाजवा आणि मला सांगू नका,” राधाताई म्हणाल्या. बद्रीकाका दुसऱ्या दिवसापासून पेटी घेऊन यायला लागले. ऋतिकानं विचारलं, गिटार आणू का देवळात, तर राधाताई म्हणाल्या, “पुढच्या वर्षी. यंदा एवढं बदललंय ते देवाला पचू दे.”

रामनवमीला मंडप रस्त्यापर्यंत आला होता. राधाताई नऊवारीत उभ्या राहिल्या, गळ्यात हार, हातात चिपळ्या, मागे काळी तीनचा सा, जरा भीतभीत पण तोच. पूर्वरंग झाला, बुक्का लागला, आख्यान लागलं. दशरथाच्या यज्ञापासून त्या हळूहळू पुढे येत होत्या आणि आतून एक जण सारखं पुढचं पाहत होतं, अंतरा, अंतरा, तिथं काय होईल. बाराला टाळ्या, फुलं, गुलाल, नगारा; देव जन्मला. त्यांनी पाळण्याची दोरी हातात घेतली आणि सुरुवात केली. ध्रुवपदाला त्यांना वाटलं मंडपात नवे कर्णे लावले असावेत, आवाज भोवतीनं फिरून येतोय. दुसऱ्या ओळीला तो आणखी जाड झाला. त्यांनी मान वळवून पाहिलं. बायका गात होत्या. खांबापाशी बसलेल्या म्हाताऱ्या, दुपट्यातलं मूल मांडीवर घेतलेली, सुंठवड्याचं पातेलं धरून उभी असलेली, पुढच्या रांगेत डोळे मिटून ऋतिका. सगळ्यांना पाळणा पाठ होता. दर वर्षी याच बायका इथंच बसायच्या आणि ओठ मिटून ऐकायच्या. राधाताईंना वाटायचं, किती तल्लीन होतात. कुणाचा आवाज त्या उंच पट्टीवर पोचत नव्हता म्हणून गप्प असायच्या, हे कधी मनात आलं नव्हतं. इतकी वर्षं. बद्रीकाकांची पेटी एका ठिकाणी ठेचकाळली आणि त्या सगळ्या आवाजात ते कुणाला कळलंही नाही. अंतरा आला. ती जागा आली. राधाताईंनी श्वास घेतला, दोरीला एक झोका दिला, आणि एक ओळ मुद्दाम सोडून दिली. ओळ पडली नाही.